अन्यायाच्या बातमीची शहानिशा

(जोयडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय आपणच ठरवून पाठविलात हे बरे झाले. वक्त्यावर सोपविले म्हणजे तो आपल्याला सोपा जाणारा विषय घेऊन येतो. "धर्मावरून डावलले, धर्मावरून छळले, धर्मावरून मारले, अशी बातमी आली तर ती खरी केव्हा मानावी?" हा तुमचा प्रश्न सोपा नाही, आणि पुण्या-मुंबईच्या सभागृहात तो जितका निरुपद्रवी वाटेल तितका येथे नाही. तुमचा तालुका ऐसपैस, वस्ती तुरळक. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचे तर मध्ये रान, ओढा, नाही तर काळी नदीचे पाणी. पूर्वी बातमी या वाटेने माणसाच्या पायांनी चालत येई, आणि वाटेत दहा जण तिला 'कोणी सांगितले?' म्हणून अडवीत. आता टेकडीवर जेथे मोबाइलची रेघ मिळते तेथे उभ्या असलेल्या पोराच्या हातात ती क्षणात पडते, आणि तो खाली उतरून चार घरे फिरेपर्यंत गाव तापलेले असते. तिची खातरजमा करण्यासाठी दांडेलीला किंवा कारवारला निघालेला मनुष्य मात्र अजून बसची वाट पाहत उभा असतो.

आरंभीच एक शंका दूर करतो. शहानिशा करा असे सांगणारा मनुष्य अन्याय झाकू पाहतो, असे पुष्कळांना वाटते. ते अगदीच निराधार नाही; 'आधी चौकशी होऊ द्या' या पांघरुणाखाली पुष्कळ पापे निजलेली आहेत. मला ते अभिप्रेत नाही. धर्मासाठी होणारा छळ ही कपोलकल्पित वस्तू आहे, असे या तालुक्यात उभे राहून कोणी म्हणू लागला तर त्याला उळवीची वाट दाखवावी. बाराव्या शतकात कल्याणात शरणांवर गहजब कोसळला तेव्हा चन्नबसवण्णा आणि त्यांच्याबरोबरचे शरण रान तुडवीत उळवीला आले, अशी परंपरा आहे; माघातल्या जत्रेला बैलगाड्यांच्या रांगा लावून लोक आजही तेथे येतात. आणि घाटाच्या पलीकडे तर गोवाच आहे. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास नदी ओलांडून प्रियोळला न्यावा लागला. देवांच्या मागून माणसे निघाली, आणि त्यांतली कितीतरी कुटुंबे कारवारात आणि कानड्यात वसली. तेव्हा अशा बातमीवर अविश्वासच दाखवावा, हे माझे म्हणणे नाही. जी बातमी खरी आहे ती खरी म्हणून उभी कशी राहते, हे मी प्रथम गोव्याच्याच उदाहरणाने सांगणार आहे.

गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायासन १५६० मध्ये बसले, १७७४ मध्ये उठले, १७७८ मध्ये पुन्हा बसले आणि १८१२ मध्ये कायमचे गेले. जाताना त्याचे दप्तर बहुतेक जाळून टाकण्यात आले. आता दप्तर जळाल्यावर छळाच्या कथा खऱ्या की रचलेल्या, हे कसे ठरवावयाचे? शार्ल देलों नावाचा एक फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमण येथे पकडला गेला. पुढे त्याला गोव्याच्या कोठडीत आणले, आणि १६७६ च्या जानेवारीत मिरवणुकीने नेऊन शिक्षा सुनावली. हा मनुष्य स्वतः कॅथलिक. सुटताना प्रत्येक कैद्याकडून मौनाची शपथ घेत असत. ती मोडून त्याने १६८७ मध्ये आपली हकीकत छापली. तिच्यात कोठडी किती मोठी होती, प्रश्न कसे विचारीत, आरोप कोणी केला हे आरोपीला कसे सांगत नसत, असा बारीकसारीक तपशील आहे. तो स्वतःवर गुदरलेले सांगतो. कानावर आलेले सांगतो तेव्हा ते तसे असल्याचे कळते.

त्यानंतर सव्वाशे वर्षे लोटली. १८०८ च्या जानेवारीत क्लॉडियस ब्यूकॅनन हा इंग्रज कंपनीचा पाद्री गोव्यात आला. तो प्रॉटेस्टंट, म्हणजे रोमच्या चर्चविषयी मनात अढी असलेला. देलोंच्या पुस्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवण्यास याच्याहून योग्य मनुष्य सापडला नसता. त्याने काय केले? तो न्यायासनाच्याच एका न्यायाधीशाचा, जोसेफस अ डोलोरिबस याचा, पाहुणा होऊन राहिला, आणि देलोंचे पुस्तक त्याच्याच हातात देऊन विचारले, 'यात लिहिले आहे ते खरे काय?' न्यायाधीशाने पुस्तक वाचले. कोठड्या, यातना, खटल्याची रीत, शिक्षेची मिरवणूक यांचे वर्णन सर्वसाधारणपणे बरोबर असल्याची त्याने कबुली दिली. मात्र, न्यायाधीशांच्या हेतूंविषयी लेखकाने जे तर्क केले आहेत ते चूक आहेत, असे त्याने बजावले. ब्यूकॅननने कोठड्या पाहू देण्याचा आग्रह धरला. त्या त्याला दाखविण्यात आल्या नाहीत, आणि तेही त्याने नमूद करून ठेवले.

शहानिशा म्हणतात ती ही. आपल्याला जे खरे ठरावेसे वाटत होते ते घेऊन तो विरुद्ध पक्षाच्या दारात गेला. आमच्या भाषेत बोलायचे तर जमिनीचा उतारा काढताना दोन्ही धन्यांसमक्ष हद्द मोजली. म्हणूनच अ. का. प्रियोळकरांनी — हे त्या मंगेशाच्या प्रियोळचेच — १९६१ मध्ये न्यायासनाच्या चार शतकांच्या निमित्ताने ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा देलों आणि ब्यूकॅनन या दोघांच्याही हकीकती त्यात समग्र जोडल्या. मागे राहिलेल्या नोंदींवरून १७७४ पर्यंत १६ हजारांहून अधिक लोकांवर खटले चालल्याचे दिसते. हा आकडा अंगावर काटा आणण्यास पुरेसा आहे. असे असता खटले चाललेल्यांना जाळलेले म्हणून मोजून आणि वर शून्ये चढवून लाखांच्या गोष्टी सांगणारा मनुष्य छळल्या गेलेल्यांचा कैवारी कसा? उद्या एखादा जाणकार ते लाख खोडून काढील, आणि त्यांच्याबरोबर खरे १६ हजारही लोकांच्या मनातून पुसले जातील.

त्या न्यायाधीशाचे दुसरे वाक्य मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. घटना खरी, हेतू खोटा, असे तो म्हणाला. त्याचे ते म्हणणे आपण मान्य करावे असे नव्हे. पण त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि धर्मावरील अन्यायाच्या बातमीत त्या नेहमीच वेगळ्या असतात. काही घडले काय, हा एक प्रश्न. ते अमक्याने केले काय, हा दुसरा. आणि ते धर्मामुळे केले काय, हा तिसरा. बातमी देणारा तिन्हींची एकच पुरचुंडी बांधून आपल्या पदरात टाकतो. ती सोडून पाहण्याचे काम आपले.

१७ जुलै २०१४ रोजी दिल्लीच्या महाराष्ट्र सदनात शिवसेनेचे काही खासदार जेवणावरून आणि सोयींवरून संतापले. त्या वेळचे ठाण्याचे खासदार राजन विचारे यांनी खानपानव्यवस्थेतील एका कर्मचाऱ्याच्या तोंडात चपाती कोंबली. तो कर्मचारी मुसलमान होता, रमजान चालू होता, आणि त्याचा रोजा होता. बातमी फुटली ती सहा दिवसांनी. घटना घडली की नाही हा वाद फार वेळ टिकला नाही, कारण तिचे चित्रीकरण साऱ्या देशाने पाहिले. विचारे यांनी खेद व्यक्त केला. परंतु त्याचा धर्म आपल्याला ठाऊक नव्हता, असेही सांगितले. कर्मचाऱ्याची तक्रार अशी की, गणवेशावर आपल्या नावाची पट्टी होती. आता पाहा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चित्रीकरणाने दिली, तिसऱ्याचे देऊ शकले नाही. मनातले दाखविणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. संतापाच्या भरात कोणाही नोकराच्या तोंडात चपाती कोंबणे हा दांडगेपणा आहेच, त्याला धर्माची पुरवणी लागत नाही. ज्यांनी 'रोजा मोडविण्यासाठीच हे केले' असे छापले त्यांनी सिद्ध न झालेले छापले, आणि ज्यांनी 'त्यात काय एवढे' म्हणून उडवून लावले त्यांनी सिद्ध झालेले नाकारले. तिसरा प्रश्न अनिर्णित ठेवून पहिल्या दोहोंबद्दल निःसंदिग्ध बोलण्याचा सरळ मार्ग थोड्याच लोकांना सुचला.

हे झाले दिल्लीचे. आता आपल्याच जिल्ह्यात या. घाट उतरलात की होन्नावर आहे.

६ डिसेंबर २०१७ रोजी होन्नावरात दोन जमातींच्या तरुणांत चकमक झाली. त्या दिवसापासून एक तरुण बेपत्ता झाला, आणि ८ तारखेला त्याचे प्रेत तेथील शेट्टीकेरे तळ्यात सापडले. त्याचे नाव मी घेत नाही. त्याच्या आईबापांचे दुःख खरे होते आणि आहे. पण त्या प्रेतावर जी बातमी रचली गेली तिच्याविषयी बोलले पाहिजे. त्याला केवळ तो अमक्या धर्माचा म्हणून पकडून नेले, हालहाल केले, अवयव कापले, उकळते तेल ओतले, असे मजकूर फोटोसह जिल्हाभर फिरले. लोकप्रतिनिधींनी ते उच्चारून त्यांवर शिक्का मारला. पोलिसांनी मणिपाळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक तज्ज्ञाला एकेक आरोप प्रश्नरूपाने विचारून उत्तरे जाहीर केली. शस्त्राची जखम नाही, अवयव कापलेला नाही, चेहऱ्याचा काळेपणा हा प्रेत पाण्यात कुजल्याचा परिणाम, असा त्यांचा आशय होता. त्यांना कोण विचारतो! ११ डिसेंबरला कुमट्यात पोलीस महानिरीक्षकांची मोटार पेटविण्यात आली. दुसऱ्या दिवशी शिरसीत दगड उडाले, बाजार बंद पडले.

प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने न्यायालयात अहवाल दिला की, हत्येचा पुरावा नाही; मृत्यू पाण्यात बुडून, अपघाताने झाला. हा अहवाल आला तेव्हा दिल्लीत आणि बंगळुरात दोन्हीकडे भारतीय जनता पक्षाचे सरकार होते, आणि २०१७ मध्ये ही हत्याच आहे असे सर्वांत मोठ्याने सांगणारे पुढारीही त्याच पक्षाचे होते. ब्यूकॅननच्या हातात न्यायाधीशाची कबुली पडली, तिच्यासारखेच हे वजनदार मानले पाहिजे. मात्र मध्ये ४ वर्षे आणि १० महिने गेले. तेवढ्या काळात एक विधानसभेची निवडणूक होऊन गेली. ज्यांची नावे खुनाच्या फिर्यादीत आली त्यांनी खुनी म्हणून दिवस काढले. दगड मारणाऱ्या पोरांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. अहवालाची बातमी पहिल्या बातमीइतकी फिरली नाही. ती फिरविण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

एकाच बाजूचे उदाहरण देऊन थांबलो तर तुम्ही मला पक्षपाती म्हणाल, आणि ते योग्य होईल. २०२२ मध्ये हिजाबवरून राज्यातील महाविद्यालयांत वाद पेटला होता. ८ फेब्रुवारी रोजी शिवमोग्ग्याच्या एका सरकारी महाविद्यालयात एका विद्यार्थ्याने खांबावर चढून भगवा ध्वज लावला. हे घडले, चित्रीकरण आहे. पण राष्ट्रध्वज उतरवून त्या जागी भगवा चढविला, असे त्या वेळचे प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष डी. के. शिवकुमार यांनी जाहीर केले, आणि खांबावर राष्ट्रध्वज मुळी नव्हताच, असे पोलीस अधीक्षकांना सांगावे लागले. खरी घटना काही कमी आक्षेपार्ह नव्हती. तिला खोट्याची जोड देऊन तिचीच धार बोथट केली.

काही बातम्या मात्र येतानाच आपला पुरावा हातात घेऊन येतात. मे २०१५ मध्ये मुंबईच्या एका पदवीधर तरुणाने हिऱ्यांच्या व्यापारातील एका कंपनीकडे नोकरीसाठी अर्ज केला. 'आम्ही मुसलमान उमेदवार घेत नाही', अशा अर्थाचे उत्तर त्याला थोड्याच मिनिटांत लेखी आले. ते पत्र त्याने लोकांपुढे ठेवले. उमेदवारी करणाऱ्या एका नवख्या कर्मचाऱ्याची ती चूक, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा छापावा, अवश्य छापावा. पण खुलासा म्हणजेही एक बातमीच, आणि तिलाही तेच तीन प्रश्न लावले पाहिजेत. पुष्कळ वाचक आरोपाची शहानिशा करतात आणि खंडन मात्र सरकारी कागदावर आले की देववाणी समजतात. मला हे दोन्ही भोळेपणाचेच प्रकार वाटतात.

अशा वेळी कायदा वाचूनच सुटणाऱ्या गोष्टीही असतात. आपल्या जिल्ह्यातील सिद्दी समाज घ्या. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि २००३ पासून येथील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत आहे. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. तेव्हा एखाद्या ख्रिस्ती सिद्दी मुलाला 'तू ख्रिस्ती, म्हणून दाखला नाही' असे कचेरीत कोणी सांगितल्याची बातमी आली, तर ती खरी ठरल्यास तो उघड अन्याय आहे. अनुसूचित जातींची गोष्ट निराळी. १९५० च्या आदेशाने ती यादी हिंदूंपुरती होती. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान नाहीत. तेथे दाखला नाकारणारा कारकून कायदा पाळीत असतो. तो कायदा न्याय्य आहे की नाही याचा वाद जरूर घालावा, परंतु कारकुनाच्या घरावर मोर्चा नेऊन काय मिळणार? 'धर्मावरून दाखला नाकारला' हे एकच शीर्षक दोन्ही बातम्यांना शोभते. एकीत दोष कचेरीचा असतो, दुसरीत वाद संसदेशी असतो.

तुम्ही म्हणाल, संपादकाच्या टेबलावर हे सारे ठीक आहे, आमच्या हाती काय? आमच्या टेबलावरचीच रीत सांगतो, ती फुकट आहे. असा मजकूर आला की मी प्रथम विशेषणे खोडतो. नृशंस, अमानुष, जिहादी, धर्मांध हे सारे खोडल्यावर कर्ता, कर्म आणि क्रियापद किती उरते ते पाहतो. होन्नावरच्या त्या मजकुरांतील विशेषणे खोडली असती तर एवढेच उरले असते की, एक तरुण बेपत्ता होता आणि त्याचे प्रेत तळ्यात सापडले. त्यानंतर वार्ताहराला विचारतो: तू पाहिलेस, की ज्याने पाहिले त्याच्याशी बोललास, की नुसते ऐकलेस? आपल्या मराठीत 'म्हणे' हा फार प्रामाणिक शब्द आहे. 'त्याला मारला म्हणे', एवढ्या दोन अक्षरांत बोलणारा आपली जबाबदारी कोठे संपते ते सांगून मोकळा होतो. तुमच्या घरातल्या कोंकणीत 'खंय' आहे, तेही तसेच. आमच्या आज्या निरक्षर होत्या, पण ऐकीव गोष्ट सांगताना 'म्हणे' गाळीत नसत. मोबाइलवर पुढे ढकललेल्या मजकुरात पहिला बळी जातो तो याच शब्दाचा. चौथ्या हाताला पोचेपर्यंत 'मारला म्हणे'चे 'मारला' होते, आणि पाचवा 'मी स्वतः पाहिले' म्हणतो.

फोटो दिसला म्हणजे पुरावा झाला असेही समजू नका. फोटो खरा असतो, पण कोणत्या गावचा आणि कोणत्या साली काढलेला, हे तो स्वतः सांगत नाही. त्याखाली ओळ लिहिणारा सांगतो, आणि त्या ओळीला सही नसते.

आणि मग फोन करावा. ज्याच्यावर अन्याय झाला असे म्हणतात त्याला, किंवा त्याच्या गावातल्या कोणा ओळखीच्याला. नंतर ज्याने अन्याय केला असे म्हणतात त्याच्या बाजूच्या कोणाला. आणि फिर्याद नोंदली आहे काय हे पोलीस ठाण्याला. रामनगरात सुप्याच्या धरणाने उठविलेली कुटुंबे आहेत. सुपे गाव पाण्याखाली गेल्यावर तोंडी आश्वासन आणि शिक्क्याचा कागद यांत किती अंतर असते, हे त्यांना मी शिकवावे असे नाही. घरजमिनीच्या कागदाला जी चिकित्सा आपण लावतो तीच शेजाऱ्याच्या अब्रूला लावा, एवढीच मागणी आहे.

यात कायद्याची बाजूही आहे, ती तरुणांनी नीट ऐकावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, धर्माधर्मांत वैर माजविण्याबद्दल कलम १९६ आहे आणि तशी खोटी माहिती किंवा अफवा पसरविण्याबद्दल कलम ३५३. केवळ पुढे ढकलले, लिहिले दुसऱ्याने, हा बचाव चालत नाही. पसरविणाराही त्यात येतो. मात्र त्याच ३५३ व्या कलमात एक अपवाद ठेवला आहे. ज्याला ती गोष्ट खरी मानण्यास वाजवी आधार होता आणि ज्याने ती सद्‌हेतूने सांगितली, त्याचा तो गुन्हा होत नाही. म्हणजे न्यायालयही अखेर तुम्हाला तेच विचारणार: खरे मानण्यास तुमच्याजवळ आधार काय होता? तो फोन केलेला असला तर सांगता येईल.

आणि वर्तमानपत्रानेच खोटे छापले तर? १९७८ च्या कायद्याखालील वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार नेता येते. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत. पण त्याआधी त्या संपादकाला पत्र लिहून चूक दाखवून द्यावी लागते, आणि त्याच्या उत्तराची प्रत तक्रारीला जोडावी लागते. मोबाइलवरच्या मजकुराला संपादक नाही, म्हणून तेथे ही वाट बंद. आमच्या दैनिकात असे काही आले तर बातमीचे कात्रण, अंकाची तारीख आणि तुम्हाला ठाऊक असलेली हकीकत अशा तीन वस्तू पाकिटात घालून पाठवा. हकीकत एका पानात बसवा, आणि पाहिलेले व ऐकलेले वेगवेगळे लिहा.